सारसीचा पदर

मामाजी, तुम्ही जिंकलात. केप उडाली नाही. पिक्चर संपेपर्यंत एकदाही उडाली नाही, आणि तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसले.

तुमची तेरवी होऊन दोन दिवस झाले. मांडव उतरला, भाड्याची मोठी गंजं-पातेली घासून परत गेली, उरलेली बुंदी रेणू डब्यात भरून शाळेत नेते आहे. येणारेजाणारे तुमच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. मला ते जमत नाही. सासरा आणि सून म्हणून आपण सोळा-सतरा वर्षं एका घरात राहिलो, पण खरी ओळख झाली ती या पावसाळ्यात, आणि ती सगळी भांडता भांडताच झाली. आता एकदम आवाज उतरवून "देवमाणूस होते हो" म्हणायला लागले तर तुम्हीच वरून ओरडाल, "काऊन व, घसा बसला का?"

तर भांडणापासूनच सुरू करते.

चातुर्मासात लग्नं नसतात. लग्नाचे व्हिडिओ काढून, कापून-जोडून पोट भरणाऱ्या बाईला तेव्हा माश्या मारण्याखेरीज काम नसतं. कुडवा गावातल्या माझ्या दुकानात मी आणि कॉम्प्युटर, दोघंही थंड. रेणू मोबाइलवर कुठला तरी सुपरहिरोचा पिक्चर पाहत होती. म्हणाली, "आई, या उडणाऱ्या बाया मोठ्या शहरांतच काऊन उतरतात? आपल्याकडे काय कमी चोर आहेत?" मला ते पटलं. कॅमेरा घरचा, नायिका घरची, दहावीतली आणि ताडमाड वाढलेली. मी आठ पानं लिहून काढली. एक साधी मुलगी, तिच्यात शक्ती कशी येते आणि ती सुपरहिरो कशी होते, त्याची गोष्ट. गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, मुरूम टाकून बुजवायची आणि तिथे प्लॉट पाडायचे असा डाव असतो. बोडीकाठी सारसाचं घरटं असतं. आकाशातून चमकणारा दगड पाण्यात पडतो, मुलगी त्याला हात लावते, आणि तिची होते सारसी. राखाडी केप, लाल टोपी, लांब पाय. माझ्या तर वाचतानाच अंगावर काटा आला होता.

तुम्ही ओट्यावर बसून चहा पीत ऐकलंत. सगळं ऐकल्यावर एवढंच विचारलंत, "दगड कायले?"

"दगडातून शक्ती येते मामाजी."

"मंग ते शक्ती दगडाची झाली. पोरीचं काय?"

मी म्हटलं, सगळ्या पिक्चरमध्ये असंच असतं, कुठे वीज पडते, कुठे किडा चावतो. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "आमच्याकडे किडा चावला त माणूस दवाखान्यात जाते." रेणू हसून लोळली आणि माझी आठ पानं तिथेच अर्धी मेली. मी चिडले होते, हे आता कबूल करते.

तुम्ही मुर्री गावचे शेतकरी, हे मला माहीत होतं. तुम्ही दंडारीत, आपल्या गावरान नाटकात, तीस वर्षं बाईचं काम केलं, हेही माहीत होतं, पण ऐकून. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, भरदिवसा दंडार उभी राहते, आणि दंडारीत बाईसुद्धा पुरुषच होतो. राणी तुम्ही, खाष्ट सासू तुम्ही, नवऱ्याला घराबाहेर काढणारी बायकोही तुम्हीच. माझ्या बाबांनी तिरोड्याकडच्या एका मंडईत तुम्हाला पाहिलं होतं. स्थळ सांगून आलं तेव्हा आई विचारत होती, शेती किती, घर कसं. बाबा म्हणाले, "ज्या घरचा माणूस बाई होऊन इतका नीट वागते, त्या घरी आपली पोरगी सुखात राहीन." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? समोर बसून असलं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, एवढंच.

आणि गंमत पाहा. त्याच लग्नासाठी तुम्ही दंडार सोडलीत. मुलीकडचे काय म्हणतील, असं तुमच्या मुलाला वाटत होतं. मुलीकडचे म्हणजे आम्ही.

केपसाठी कापड शोधत होते तेव्हा तुम्ही आतून पत्र्याची पेटी आणलीत. डांबरगोळ्यांचा वास, खाली घुंगरू, आणि वर घडी घातलेलं राखाडी लुगडं, बारीक लाल काठाचं. राणीचा नवरा मेल्यावरच्या प्रवेशात नेसायचात ते. मी कात्री हातात घेऊन नुसतीच उभी. तुम्ही म्हणालात, "काप. राणी किती दिवस रडन?"

मग शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी रेणूचा पाय शेताच्या धुऱ्यावरून घसरून मुरगळला. डॉक्टरनं तीन आठवडे बसवून ठेवलं. गुरांच्या कोठ्याच्या पत्र्यावरून धानाच्या तणसाच्या ढिगावर उडी मारायचे सगळे शॉट बाकी. मी कपाळाला हात लावून बसले होते. तुम्ही रेणूच्या शेजारी जाऊन उभे राहिलात, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग स्वतःच्या. उंची सारखी. अंग तर तुमचं तिच्याहून बारीक.

"तोंडावर मुखवटा हाये न? मंग झालं."

"मामाजी, तुमचं वय!"

"सारसीचं वय किती लिवलं तू?"

"सोळा."

"मंग मी सोळाची."

आणि संध्याकाळी मिशी काढून आलात. आपल्याकडे घरात कोणी गेल्याखेरीज म्हाताऱ्याची मिशी जात नाही, हे तुम्ही उत्साहात विसरलात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं तोंड पाडून अंगणात आली. "कोन गेलं गा?" आणि तुम्ही केप घालून, लाल टोपी चढवून बाहेर आलात. त्यातला एक जण चहासुद्धा न घेता गेला. दहाव्याला घाटावर रेणूच्या बाबांची मिशी उतरली तेव्हा मला तो माणूस आठवला आणि भर गर्दीत हसू फुटलं. पदरानं तोंड दाबलं. लोकांना वाटलं, सुनेला हुंदका आला. दोन्ही खरं होतं.

आता केपचं. वारा पाहिजे म्हणून मी धान उडवायचा पंखा मागून आणला होता. मोठा, लोखंडी, सुरू केला की कोंबड्या पळतात. सारसी पत्र्यावर उभी राहणार, केप मागे फडफडणार, ती झेप घेणार. सुपरहिरोची केप उडते, हे तर तान्ह्या पोरालाही माहीत आहे. पंखा सुरू झाला. तुम्ही पत्र्यावर गेलात. केप काय सुरेख फुगली! आणि उडी मारायच्या आधी तुमचा हात मागे गेला, तुम्ही केपचं टोक ओढून पुढे आणलं, कमरेला खोचलं, आणि मारली उडी.

"कट! मामाजी, केप खोचायची नाही!"

तणसातून डोकं वर काढून तुम्ही विचारलंत, "खोचली का मी?"

तुम्हाला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी तुमच्याकडून वदवून घेतलं, "खोचणार नाही." पंखा सुरू, हात मागे, केप कमरेला. तीस वर्षं लुगड्याचा पदर खोचून तुम्ही भांडलात, नाचलात. कापून केप केली तरी हाताला तो पदरच वाटला. सातव्या उडीनंतर पंखेवाला म्हणाला, "भाभी, इनको मत रोको, डीज़ल जल रहा है."

आणखी एक होतं. केप अंगावर चढली की तुम्ही बाईसारखं बोलायचात. उडायचा शॉट घ्यायला तुम्हाला बाकावर पालथं झोपवलं, मागे हिरवा पडदा. हात पसरून तुम्ही विचारलंत, "किती उंचावर आली मी?" रेणू म्हणाली, "आजोबा, आत्ता नागझिऱ्याच्या जंगलावरून जाऊन राहिले तुम्ही." तुम्ही लगेच मान वाकवून खाली पाहिलंत. खाली शेणानं सारवलेली जमीन होती, पण तुमचा चेहरा असा, की मला एकेक झाड दिसलं. मुखवट्याआड! मामाजी, मी हजारेक लग्नांत नट्टापट्टा केलेले चेहरे टिपले आहेत. असं पाहणं कोणाचं नव्हतं.

चूक अंगाशी आली तेव्हा तुम्ही तिचं शास्त्र करून टाकलंत. रोज संध्याकाळी माझ्या मागे कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि वाद घालायचा.

"केप उडालीच पाहिजे," मी म्हणायची. "त्यात तर सगळी शोभा आहे."

"शोभा बसलेल्या बाईची. कामाले लागली का बाई पदर खोचते. तू सकाळी झाडतानी काय करते?"

"मी सुपरहिरो नाही."

"कोन म्हणलं नाई म्हणून?"

मग तुम्ही पुढे सरकून पडद्यावर बोट ठेवलंत. "तुया दगड इथंच चुकला पाय. ट्रॅक्टर मुरूम घेऊन येऊन राहिला, पोरगी बोडीच्या पाळीवर उभी हाये, भेते. आता तिनं पदर खोचला. बस. इथं झाली ते सारसी. पाण्यातून काई निंगाले नको अन आभायातून काई पडाले नको." मी म्हटलं, एवढ्याशानं शक्ती आली हे लोकांना कळणार नाही. तुम्ही म्हणालात, "बायाईले कळन."

त्याच संध्याकाळी, काही न विचारता, तुम्ही दुसरी गोष्ट सांगितलीत. तुमचा मुलगा, म्हणजे आमच्या रेणूचे बाबा, तेव्हा चौथीत होते. शाळेतली पोरं त्यांना चिडवत ओरडली, "दिवाकरची माय मिशी काढते!" ते रडत घरी आले आणि म्हणाले, मी तुमच्या दंडारीले आता कधीच येणार नाही. तुम्ही त्यांना परत कधी बोलावलं नाही. मंडईत ते आकाशपाळण्याकडे जायचे आणि तुम्ही राणी व्हायचात. "साऱ्या झाडीपट्टीनं पायलं मले," तुम्ही म्हणालात. "घरचा एकच राहिला. यंदाच्या मंडईले पिक्चर लावजो अन त्याले पुढं बसवजो. मुखवटा हाये, लाज नाई वाटाची त्याले. एकदा पायलं म्हणजे झालं."

मी हो म्हटलं. पण केपच्या गोष्टीवर अडून राहिले, कारण मी तशीच आहे. पाय बरा होऊन रेणू परत आली आणि तिच्या शॉटमध्ये तरी केप उडेल म्हणून मी पंखा पुन्हा मागवला. ती पत्र्यावर चढली, हात मागे नेला आणि झोकात खोचली केप. तुम्ही खाली उभे राहून दुसरीकडे पाहत होतात. फितवलीत तुम्ही माझी पोरगी! पाय धरून बसली होती त्या तीन आठवड्यांत शिकवलंत सगळं. पाय मुरगळायच्या आधी, पहिल्या दिवशी घेतलेले रेणूचे दोन शॉट तेवढे उडत्या केपचे उरले. मी बजावून सांगितलं, "हे दोन मी ठेवणारच. पिक्चर माझा आहे." तुम्ही हसत हसत उठलात, "पायतो कशी ठेवते ते," म्हणालात आणि झोपायला गेलात.

सकाळी चहा पिऊन खुर्चीतच गेलात. कप खालीसुद्धा पडला नव्हता. धान कापणी सुरू झाली होती, मंडई पंधरा-वीस दिवसांवर. मला तुमचा भयंकर राग आला, मामाजी. भांडण अर्धवट टाकून जायची ही कोणती रीत?

तेरवीचं जेवण दुपारी उरकलं. तुमच्या दंडारीतले चार-पाच जण होते, ढोलकीवाले मंगरूकाका तर सकाळपासूनच येऊन बसले होते. दिवस मावळता मावळता ते म्हणाले, "सूनबाई, पिक्चर झाला म्हणते त दाखव न." भजनी मंडळी यायची होती. कोण तरी आत्याबाई कुजबुजली, तेरवीले सिनेमा, काय जमाना आला. मी रेणूच्या बाबांकडे पाहिलं. शूटिंगच्या सगळ्या दिवसांत ते राइस मिलमधून यायचे आणि आमच्याकडे न पाहता आत जायचे. पिक्चरबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता. त्यांनी भिंतीवर पांढरी चादर स्वतः ठोकली आणि म्हणाले, "लावा."

ते दोन शॉट मी आदल्या दिवशी काढून टाकले होते. दगडही काढला. बोडीच्या पाळीवर रेणू उभी राहते, समोरून ट्रॅक्टर येतो, ती ओढणी खोचते, आणि पुढच्या क्षणी तिच्या अंगावर राखाडी केप असते. मध्ये काही नाही, वीज नाही, उजेड नाही. मला धाकधूक होती. अंगणात बसलेल्या बायकांमधून आवाज आला, "आता पाय म्हणा, बेट्याची कसी जिरवते!" कळलं मामाजी, सगळ्यांना कळलं. ती कुजबुजणारी आत्याबाई तर सरकत सरकत पुढे येऊन बसली. मुरूमवाला झालेला आपला पानठेलेवाला बोडीत पडला तेव्हा मंगरूकाकांनी मांडीवरच ठेका धरला. भजनवाले आले ते पेटी मांडीवर घेऊन मागे बसले आणि पाहत राहिले.

मी रेणूच्या बाबांच्या शेजारी होते. तुम्हाला दिलेला शब्द होता, त्यांना पुढे बसवलं होतं. सारसीनं पहिली उडी मारली आणि ते अगदी हळू म्हणाले, "बाबा."

दुसरी उडी. "हे रेणू."

तिसरी. "बाबा." चौथी. "बाबा." मग "रेणू."

एकही चुकलं नाही. मुखवटा तोच, टोपी तीच, उंची एक, दोघांनी केप एकाच बाजूला खोचलेली. मी ते शॉट महिनाभर पाहिले, कापले, जोडले. मला स्वतःला फाइलचं नाव पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मी विचारलं, "तुमाले कसं कळून राहिलं?"

पडद्यावरून नजर न हलवता ते म्हणाले, "खोचल्यावर बाबा दोनदा थोपटते. रेणू नाई थोपटत."

मी पाहिलं. खरंच. पदर खोचून झाला की तुमची बोटं कमरेवर दोनदा पडतात, पक्का बसला का पाहायला. निमिषभराची गोष्ट. तुम्ही शूटिंगच्या वेळी अंगणात असताना हा माणूस घरात पाठ फिरवून बसलेला असायचा. मग त्याला कुठून माहीत?

"तुम्ही त दंडार कधी पायलीच नाई म्हणे."

पडद्यावर तुम्ही नागझिऱ्यावरून जात होतात. मग ते म्हणाले, "भजेवाल्याच्या मांगं बसत होतो. त्याच्या बांबूच्या तट्ट्याले भोक होतं. येणार नाई म्हणून बोलून गेलो होतो, मंग पुढं कसा येऊ? दरसाल पायली. त्याइनं सोडली तवरीक."

"मंग सांगाचं होतं न त्याइले!"

"सांगतो सांगतो म्हणता राहून गेलं," ते म्हणाले आणि रडले. अंगणात हशा चालला होता, पानठेलेवाला चिखलातून उठत होता. त्या हशात त्यांना मोकळेपणानं रडता आलं.

तर मामाजी, निरोप हा आहे. झाडीतला एकही राहिला नव्हता. तुम्ही राणी झालात, सासू झालात, ते दरवर्षी घरचा एक जण तट्ट्याच्या भोकातून पाहत होता, आणि इतकं बारकाईनं पाहत होता की इतक्या वर्षांनी मुखवट्याआडही त्यानं तुम्हाला ओळखलं. हे तुम्हाला जिवंतपणी कळायला पाहिजे होतं. या घरात बोलणारी मी एकटीच होते, आणि मी त्यांना विचारायचं सोडून केपवर भांडत बसले. त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं वाटत नाही.

मंडईत पिक्चर पुन्हा लावायचा आहे. पाटीवर लिहिलंय, "सारसी: रेणू आणि तिचे आजोबा." पंखेवाला विचारून गेला, "भाभी, दूसरा पार्ट कब?" आणि भजेवाल्याला रेणूच्या बाबांनी सांगून ठेवलं, यंदा दुकानापुढे एक खुर्ची टाकून ठेव.

आज सकाळी ते कापलेल्या धानाचे भारे आणायला शेतावर, बांधीकडे निघाले. तुमचा दुपट्टा खांद्यावर होता. अंगणात थांबून त्यांनी तो कमरेला गुंडाळला, टोक आत खोचलं, आणि दोनदा थोपटलं. त्यांना काही कळलं नाही. मी दारातून पाहिलं, हातातला झाडू खाली ठेवला आणि थेट इथे येऊन बसले, तुम्हाला सांगायला.